डावीकडचं वर्तुळ

वर्तुळाचं केंद्र शोधायला अक्कल लागत नाही, डोळे लागतात, असं मी वर्गात सांगायचे. आलेखाच्या कागदावर वर्तुळ छापलेलं असतं. त्याचं सगळ्यात डावीकडचं टोक बघा, सगळ्यात उजवीकडचं बघा, दोन्हींच्या मधोमध या. मग वरचं आणि खालचं टोक घेऊन तेच करा. दोन्ही मध्य जिथं भेटतात तिथं केंद्र, आणि तिथून कडेपर्यंत जेवढी घरं तेवढी त्रिज्या. झालं. एवढ्याशा गोष्टीत कोणी नापास होऊ शकतं यावर माझा विश्वासच नव्हता. मग ती पोरगी आली आणि माझा बराच विश्वास मोडला. त्यातला थोडा तिच्यामुळे मोडला, बाकीचा इतरांनी मोडला.

मी तेव्हा साकोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. तास घेतला तर तुम्ही मॅडम, सुट्टी लागली की तुम्ही कोणी नाही. स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असली तर बसायचं, कायमचे सर आले की उठायचं. मी उठायचे. चिडत उठायचे, पण उठायचे. आधीच माझा स्वभाव तिखट, त्यात ही असली नोकरी. नवरा म्हणायचा, तू कॉलेजातून आली की आधी पाणी पी, मग बोल.

आमच्याकडे अकरावी सायन्सला बहुतेक पोरं जीवशास्त्र घेतात. नर्सिंग आहे, फार्मसी आहे, काहीतरी हाताला लागतं असं घरच्यांना वाटतं. गणित घेणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. संस्थेनं ठरवून टाकलं होतं की ठरावीक संख्येनं पोरं असली तरच गणिताची तुकडी चालवायची, आणि आमची तुकडी नेमकी त्या काठावर उभी होती. एक जण गेला की तुकडी गेली. तुकडी गेली की मी गेले.

आणि पहिल्या सत्रात ती पोरगी गणितात सपशेल नापास झाली. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"मॅडम, हे पोरगी फेरपरीक्षेत निघाली तर निघाली. नाही तर तिले आर्ट्सले टाकून देऊ. मंग तुकडी राहात नाही. उरलेल्यायले बायोलॉजी देऊन देऊ."

"आणि मी सर?"

"तुमचं काय मॅडम, तुमच्यात टॅलेंट हाये. तुमाले कुठंबी भेटंल."

ज्याला कुठंही मिळेल असं सांगतात त्याला कुठंच मिळत नाही, हे मला तोवर चांगलं कळलं होतं. तर सरळच सांगते, मी तिला शिकवायला घेतलं ते काही कनवाळूपणानं नाही. तिला गणितात राहायचं होतं आणि मला कॉलेजात राहायचं होतं. आम्ही दोघी एकाच दोरीला लोंबकळत होतो.

ती तलावाकाठच्या एका गावातून एसटीनं यायची. घरी धानाची शेती, गावच्या तलावाच्या पाण्यावर होणारी. कपडे स्वच्छ, वेणी घट्ट, बोलणं जवळजवळ नाहीच. मी पहिल्याच दिवशी विचारलं, गणितच कशाला पाहिजे तुला, आर्ट्सला काय वाईट आहे. मला वाटलं इंजिनियर व्हायचं म्हणेल. सगळे तेच म्हणतात.

"मले आवडते," ती म्हणाली.

"काय आवडते?"

"गणित."

हे उत्तर मी इतक्या वर्षांत कोणाकडून ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःकडूनसुद्धा बऱ्याच दिवसांत नाही. थोड्या वेळानं तिनं आपणहून पुढचं सांगितलं. "अन् आर्ट्सले गेली तर घरचे कॉलेज बंद करतीन मॅडम. आर्ट्स तं घरी बसून बी होते म्हणतात. फॉर्म भराचा अन् पेपरले जाचं. मंग एसटीची पास कायले काढाची."

म्हणजे तिचं कॉलेज या एका विषयावर टांगलेलं होतं. तिनं ते सांगितलं मात्र असं, जसं उद्या बाजार आहे म्हणून सांगावं.

नवऱ्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा घालून मी एक टेबल टाकलं होतं. कॉलेज सुटलं की ती तिथं यायची आणि गावची एसटी लागेपर्यंत बसायची. आलेखाचे कागद हवे तेवढे मिळायचे, नवरा छापून द्यायचा. फेरपरीक्षेत वर्तुळावर भर असणार हे मला माहीत होतं, कारण पहिल्या सत्रात सगळ्यांनी तिथंच माती खाल्ली होती.

पहिला आलेख सोपा दिला. केंद्र चार आडवे, तीन उभे, म्हणजे (४, ३). त्रिज्या दोन. तिनं पेन्सिल फिरवली, ओठ हलवत मोजलं आणि लिहिलं: केंद्र (५, ४), त्रिज्या २.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. (५, ४).

मी दुसरा आलेख दिला, तिसरा दिला. प्रत्येक वेळी ती कामसूपणे मोजायची आणि प्रत्येक वेळी चुकायची. मी समजावून सांगितलं, मग हळू समजावून सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की ग्रामीण विद्यार्थ्याला त्याच्या परिसरातलं उदाहरण द्यावं. मी खळं काढलं. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली असते बघ, तिला दोर बांधून बैल गोल फिरवतात, मळणी करतात. मेढ म्हणजे सेंटर, दोर म्हणजे रेडियस. मी हात फिरवून फिरवून सांगितलं. तिनं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मॅडम, आमच्याकडं हार्वेस्टर येते," ती म्हणाली.

मी तरी मेढ कुठं पाहिली होती? भंडाऱ्यात नोकरदार बापाच्या घरी वाढलेली मी, मेढ पाहिली ती बी.एड.च्या पुस्तकात. तिला तिचंच गाव शिकवायला निघाले होते.

मग माझा तोल जाऊ लागला. फेरपरीक्षा जवळ येत होती आणि ही बया (५, ४) सोडायला तयार नव्हती. मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. डोळे घरी ठेवून येते का, डोक्यात भुसा भरला का, हे त्यातल्या त्यात सौम्य. ती रडत नव्हती. रडली असती तर मला थांबता आलं असतं. ती नुसतं खोडायची आणि पुन्हा मोजून पुन्हा तेच लिहायची. तिकडून मशीनच्या आवाजावर आवाज चढवून नवरा म्हणायचा, "अवं, हळू ओरड थोडी. गिऱ्हाईक पळून राहिले."

एका संध्याकाळी ती गेल्यावर मी तिचे सगळे कागद पसरून बसले. रागानंच बसले होते, तिला उद्या दाखवायला की बघ, किती घाण करून ठेवली. पण बघता बघता एक गोष्ट डोळ्यांत भरली. वर्तुळ अक्षांच्या एका बाजूला असलं की तिची त्रिज्या कधीच चुकत नव्हती. केंद्र हटकून चुकीचं आणि त्रिज्या हटकून बरोबर. जिला मधला बिंदूच सापडत नाही तिला तिथून कडेपर्यंतचं अंतर बरोबर कसं सापडतं? मला वाटलं गाईडमधून उतरवते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अंदाजानं लिहून राहिली का तू?"

"नाही मॅडम. मोजून राहिली."

"कशी मोजते ते दाखव."

तिनं बोट ठेवून मोजून दाखवलं, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मला तरीही काही कळलं नाही. तिचं बोट माझ्या डोळ्यांसमोर चौकोनांतून फिरत होतं आणि मी आपली रेषांकडे बघत होते.

त्यानंतर ती यायची बंद झाली. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिच्या आईचा फोन लागेना. फेरपरीक्षा तोंडावर आलेली, आणि ही गायब. मी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले. जानेवारीचे दिवस, रस्त्यानं जाताना बोटं गारठली होती आणि डोकं तापलं होतं.

घराला कडी. शेजारच्या म्हाताऱ्यानं हात करून दाखवलं, सगळे बांध्यांत गेलेत म्हणाला. धानाच्या शेताचे धुरे घातलेले जे तुकडे असतात त्यांना आमच्या भागात बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या वरंब्याला धुरा. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. तलावाच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, पाट निघतो, त्या पाटाला लागून यांची पहिली बांधी, तिच्या खाली दुसरी, मग तिसरी, असं शेत उतरत गेलेलं. बाया चिखलात वाकून ओळीनं रोवत होत्या, आणि माझी विद्यार्थिनी त्यांच्यात होती. कॉलेजच्याच जुन्या कुर्त्यावर बापाचा शर्ट चढवलेला, पाय गुडघ्यांपर्यंत चिखलात.

मी धुऱ्यावरून तोल सांभाळत आत गेले आणि उभ्या जागेवरूनच बोलायला सुरुवात केली. तिच्या आईनं कंबर सरळ केली.

"मॅडम, रागावू नका. बाया भेटत नाही रोवणीले. पऱ्हे वाळून राहिले. उद्या पाठवतो तिले."

"परवा परीक्षा आहे बाई. उद्या पाठवून काय तिचा फोटो काढू?"

आई पुन्हा वाकून रोवायला लागली. मी बोलत होते ते खरं होतं आणि रोवायच्या रोपांचे ते पऱ्हे वाळत होते तेही खरं होतं. तेवढ्यात पाटाच्या बाजूनं कोणीतरी, बहुतेक तिच्या काकूनं, ओरडून विचारलं, "कोण आलं वं? कोठी हाये?"

"आमच्या मॅडम हायेत," पोरगी ओरडली. "चौथ्या बांधीत."

मी पायांखाली पाहिलं. मी कुठल्याच बांधीत नव्हते. चिखलात चप्पल जाऊ नये म्हणून मी धुऱ्यावर उभी होते. वर तिसरी बांधी, खाली चौथी.

"मी चौथ्या बांधीत कशी गं?" मी विचारलं. "मी तर धुऱ्यावर आहे."

"धुरा खालच्या बांधीचा राहते मॅडम," ती म्हणाली. "वरचं पाणी खाली फुटू नाही म्हून खालचा माणूस धुरा बांधते ना. त्याचाच धरतेत."

आणि मला एकदम सगळं उलगडलं. ती आलेख वाचतच नव्हती, शेत वाचत होती. आलेखातला आरंभबिंदू म्हणजे तिच्या लेखी पाटाचं तोंड. पाटापासून दूर जाताना पहिला चौकोन ही पहिली बांधी, दुसरा चौकोन दुसरी. आणि बिंदू चौकोनात न पडता रेषेवर पडला, तर तो पुढच्या बांधीचा. रेषा ही धुरा होती आणि धुरा खालच्याचा असतो. म्हणून चारचे पाच, तीनचे चार. कडेचा बिंदूही तसाच एकानं पुढे सरकायचा, म्हणून अंतर बरोबर यायचं. पोरीचा हिशेब चोख होता. इतके दिवस मी तिला आंधळी म्हणत होते.

मी तिला चिखलातून वर बोलावलं. ती पाय निथळत धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"पाटापासून इथपर्यंत यायला किती बांध्या ओलांडल्या?"

तिनं मागं वळून पाहिलं. "तीन."

"मग या धुऱ्याचा आकडा तीन."

"पण हा तं चौथ्या बांधीचा हाये."

"कोणाचा आहे ते विचारत नाही मी. इथं यायला किती ओलांडल्या, तेवढंच विचारते. आलेखात मालकी नसते गं, नुसतं चालणं असतं."

"मंग पाटाजवळचा धुरा?"

"तिथं काहीच ओलांडलं नाही. तो शून्य."

"शून्य कसा राहीन? धुरा तं हाये तेथी."

ती हट्टीच होती. मला ते आवडायला लागलं होतं, पण मी चेहरा तसाच ठेवला. आम्ही पाटापर्यंत चालत गेलो, तिथून परत मोजत आलो. एक बांधी ओलांडली, एक. दुसरी ओलांडली, दोन. बाया रोवायचं सोडून आमच्याकडे बघत होत्या, कोणीतरी हसलंही. तिची आई म्हणाली, "हे शिकवाले एवढ्या दूर आल्या का मॅडम? हे तं लेकरायलेबी समजते." मी म्हटलं, हो बाई, फक्त मलाच समजत नव्हतं. पोरगी मात्र हसली नाही. ती स्वतःशी पुटपुटत पुन्हा एकदा एकटीच पाटापर्यंत गेली आणि परत आली. "म्हणजे मी सगळीकडं एक जास्त मोजलं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी माणूस मास्तर होतो. मी उगाच मोठं बोलत नाही. तेवढ्यासाठीच होतो, बाकी या धंद्यात काही नाही.

फेरपरीक्षेचा पेपर मी तपासू नये म्हणून प्राचार्यांनी बाहेरच्या सरांकडे पाठवला. बरोबर केलं. ती निघाली, चांगली निघाली, वर्तुळाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी. तिच्या आईनं लाखोरीच्या डाळीच्या पाल्याची भाजी पाठवली, कोवळी, नीट निवडलेली. त्या रात्री आमच्याकडे जेवताना मी इतकी बडबडले की नवरा म्हणाला, आज पाणी न पिताच बोलून राहिली.

तो आनंद फार टिकला नाही. प्राचार्यांनी बोलावलं. या वेळी बसा म्हणाले, तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, तुमी मेहनत घेतली म्हून तुकडी राहिली. हे संस्था कधीच विसरणार नाही."

"काय झालं सर?"

"काही नाही. आपल्या सचिवसाहेबांच्या सूनबाई. त्यायचं बी.एड. झालं आता. पुढच्या वर्षी जागा निघून राहिली, तं त्यायले अनुभव पाहिजे. गणिताचे तास आता थ्या घेतीन."

मग विचारलं, "सर, ती पोरगी नापास झाली असती तर सूनबाईंनी कोणाला शिकवलं असतं?"

"असं कसं बोलता मॅडम. पॉझिटिव्ह राहा जरा. अन् जाता जाता सिलॅबस कुठपर्यंत झाला थे त्यायले सांगून देजा."

म्हणजे मी तुकडी वाचवली ती दुसऱ्याच्या सुनेसाठी. घाम माझा, खुर्ची तिची. मी तिथं भांडले, बरंच भांडले, आणि माझ्या भांडण्याचा कोणावर काडीइतका परिणाम झाला नाही. जिचं नाव हजेरीपटावर धड नव्हतं तिचं भांडण कोण ऐकतो? मी सिलॅबस सांगितला. सूनबाई वाईट नव्हती. गोड बोलायची, माझ्यासाठी चहा मागवला. ती वाईट असती तर मला बरं वाटलं असतं.

पोरगी कॉलेज सुटल्यावर दुकानात येत राहिली. मी नको म्हटलं नाही. शिकवायला आता मला कोणती तुकडी होती? ती येऊन शांतपणे गणितं सोडवायची, मी झेरॉक्सचे गठ्ठे लावायचे, अडलं तर विचारायची. तिचं आता फार अडत नव्हतं.

मार्चमध्ये एक दिवस ती आली आणि दप्तर न उघडताच म्हणाली, "मॅडम, मी पुन्हा बांध्या मोजल्या का?"

सूनबाईंनी वर्गात चाचणी घेतली होती. आलेखावर एक वर्तुळ, सगळंच्या सगळं उभ्या अक्षाच्या डावीकडे. डावीकडे गेलं की आडव्या आकड्याच्या आधी उणेची रेघ येते, हे आठवीच्या पोरालाही माहीत असतं. हिनं लिहिलं होतं: केंद्र (-६, ४), त्रिज्या ३. त्यावर लाल पेनानं फुली, आणि बाजूला सूनबाईंच्या सुबक अक्षरात (६, ४).

मी तो आलेख उलटसुलट करून पाहिला. आपलंच काही चुकतं का म्हणून मीच बोट ठेवून मोजलं. पोरीचं बरोबर होतं. गाईड काढून पाहिलं, तर तिथं छापताना उणेची रेघ गळालेली. एवढंच. एक रेघ. गाईडवाल्याची चूक सूनबाईंनी उतरवली आणि आलेखाकडे बघितलंच नाही.

मी फोन लावला. खूप गोड आवाजात बोलले, नवरा बाजूला उभा राहून हातानं शांत शांत करत होता. म्हटलं, मॅडम, वर्तुळ डावीकडे आहे, एकदा आलेख बघता का.

"पण मॅडम, गाईडमध्ये सहा-चार आहे," ती म्हणाली. "आणि मी सगळ्या मुलांना तेच दिलंय. आता एकीसाठी बदललं तर बाकीच्यांना काय सांगू?"

"बाकीच्यांनाही बरोबर सांगा."

"बघते," ती म्हणाली.

बघितलं ते प्राचार्यांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला केबिनमध्ये उभं केलं. बाहेरच्या ट्युशनवाल्यायकडून आपल्या मॅडमले फोन कराले लावते का, असं विचारलं. वार्षिकचा पेपर मॅडमच तपासतीन, तोंडी गुणबी त्यायच्याच हातात हायेत, अन् आर्ट्समधी जागा अजून रिकामी हाये, हे ध्यानात ठेव, असंही सांगितलं. तिनं मला हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. मी ट्युशनवाली झाले होते. काही महिन्यांपूर्वी त्याच केबिनमध्ये मी टॅलेंट होते.

वार्षिक परीक्षेच्या आधी ती पुन्हा आली, दुपारची. दुकानात गर्दी होती, पोरं हॉलतिकिटांच्या झेरॉक्स काढत होती. ती आडोशामागे येऊन बसली आणि चाचणीचा तोच कागद टेबलावर ठेवला.

"मॅडमनं चुका दुरुस्त करून आणाले सांगितलं. त्याच्यावर गुण हायेत." कागद माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "मी काय लिहू?"

मला राग आला. तिचा नाही. पण समोर तीच होती. मला तिला सांगावंसं वाटत होतं की कागद तसाच नेऊन दे, एक रेघ हलवू नकोस, त्यांना दाखव डावीकडे काय असतं ते. मी तिच्या वयाची असते तर तेच केलं असतं, किंवा केलं असतं असं आता म्हणते. पण तसं सांगून मी संध्याकाळी माझ्या घरी जाणार होते. एसटीची पास तिची बंद होणार होती. ती घरी बसून फॉर्म भरणार होती आणि तिचं गणित तिथंच संपणार होतं.

"त्यांचं लिही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण वर्तुळ डावीकडं हाये मॅडम."

"माहीत आहे मला."

"त्यायचं तं उजवीकडचं हाये."

"माहीत आहे म्हटलं ना. लिही आणि पास हो."

"मंग मले कायले शिकवलं?"

तिनं रागानं विचारलं नाही. खरंच विचारलं, जसं पाटाजवळच्या धुऱ्याचं विचारलं होतं. ती उत्तरासाठी थांबली नाही. तिनं कंपास उघडली, शोधलं, तिला खोडरबर सापडलं नाही. मी माझं पुढे केलं. सहाच्या आधीची रेघ तिनं काळजीपूर्वक खोडली, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरत, आणि फुंकर मारली. मग ती तशीच कागदाकडे बघत बसली.

"अन् हे वर्तुळ?" तिनं विचारलं.

"ते छापील आहे," मी म्हटलं. "ते राहू दे."